घर एक्स झोनमध्ये, ओढा मागच्या दारी

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेतल्या ग्रामीण काउंटीतलं (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) पाच एकरांतलं घर, मागून ओढा जातो. सरकारी पूरनकाशावर जमिनीचा मागचा तुकडा जास्त धोक्याच्या ए झोनमध्ये, घर मात्र त्याबाहेरच्या एक्समध्ये. बँक म्हणते पूरविम्याची सक्ती नाही, एजंट म्हणतो उगाच पैसे घालू नका, आणि क्लोजिंग, म्हणजे घराचा व्यवहार पुरा व्हायचा दिवस, तीन आठवड्यांवर आलंय. विमा घ्यायचा की नाही?

घ्या. आणि क्लोजिंगच्या आधी घ्या.

बँकेची सक्ती 1973च्या कायद्यातून येते. सरकारी पाठबळाचं किंवा सरकारी देखरेखीखालच्या बँकेचं कर्ज असेल आणि इमारत ए किंवा व्हीने सुरू होणाऱ्या झोनमध्ये असेल, तरच विमा बंधनकारक. बँक बघते ते एवढंच, घराची भिंत रेघेच्या आत की बाहेर. ती रेघ म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता असलेल्या पुराची हद्द, आपल्याकडच्या लाल पूररेषेसारखीच. ‘शंभर वर्षांचा पूर’ या नावामुळे लोक फसतात. 30 वर्षांच्या कर्जात तो एकदा तरी येण्याची शक्यता 26 टक्के आहे, म्हणजे चारातली एक.

आता ग्रामीण काउंटीतली गोम. तुमचा झोन नुसता ए आहे की एई, ते नीट बघा. एईमध्ये नदीचा सविस्तर अभ्यास करून पाणी किती उंचीपर्यंत चढेल ते ठरवलेलं असतं. नुसत्या एमध्ये ती उंचीच नसते, रेघ अंदाजाने ओढलेली. वस्ती विरळ असेल तिथे बहुतेक हेच दिसतं. शिवाय लहान पाणलोटाचे ओढे सहसा नकाशावर घेतलेच जात नाहीत आणि तुंबलेल्या पावसाच्या पाण्याचा हिशेब त्यात जवळजवळ नसतो. तेव्हा एक्स म्हणजे कोरडं असं धरू नका. फेमा या अमेरिकेच्या सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या म्हणण्यानुसार अलीकडच्या वर्षांत साधारण 40 टक्के दावे या जास्त धोक्याच्या क्षेत्राबाहेरून आलेत.

मीही एक्स वाचून निर्धास्त झालो होतो. आमचा घात ओढ्याने केला नाही, रस्त्याखालच्या मोरीने केला. वादळात फांद्या आणि गवताच्या गुंडाळ्या मोरीच्या तोंडाशी अडकल्या, रस्ता बांधासारखा झाला आणि पाणी मागे फिरलं. घरात टीचभरही शिरलं नाही, पण क्रॉलस्पेस, म्हणजे फरशीखालची बुटकी पोकळी, भरला. हीटिंगच्या डक्टमधून दोन दिवस पातळ चिखल गळत होता. घराचा नेहमीचा विमा होता, पण त्यात पूर वगळलेला असतो, हे मला दावा नाकारल्याचं पत्र आल्यावर कळलं. आम्हालाही ‘गरज नाही’ असंच सांगण्यात आलं होतं.

म्हणून नकाशा मिटवून एकदा बूट घालून जमिनीवर फिरा. ओढ्याकडच्या तारेच्या कुंपणात वाळलेलं गवत, पाचोळा कुठपर्यंत अडकलाय बघा, पाणी तिथवर आलेलं असतं. आमच्या शेजाऱ्याच्या तारेत ते माझ्या कमरेइतकं उंच होतं, आणि मी सहा वर्षं रोज तिथून जात होतो! वॉटर हीटरच्या तळाशी गंजाची आडवी रेघ आहे का, क्रॉलस्पेसच्या खांबांवर चिखलाचा पट्टा आहे का, तेही बघा. मग काउंटीतल्या पूरक्षेत्राचे नियम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणजे फ्लडप्लेन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला फोन करा. लहान काउंटीत हे काम बहुधा इतर परवानग्या बघणाऱ्या माणसाकडेच असतं आणि त्याला कुठला रस्ता कधी पाण्याखाली जातो ते तोंडपाठ असतं. काउंटी राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रमात सामील आहे ना, हेही त्यालाच विचारा. नसेल तर ही सरकारी पॉलिसी मिळणारच नाही, खासगी शोधावी लागेल.

किमतीबद्दल: 1 ऑक्टोबर 2021 पासून नव्या पॉलिसीचा दर झोनवरून ठरत नाही. पाण्यापासून अंतर, जमिनीची आणि पहिल्या मजल्याची उंची, घर पुन्हा बांधायचा खर्च, यावर ठरतो. त्यामुळे एक्समध्ये स्वस्तच मिळेल हा समज जुना झाला. सरकारी पॉलिसी कुठल्याही कंपनीतून घ्या, दर तोच, तेव्हा त्यासाठी दहा एजंट पालथे घालू नका. एलिव्हेशन सर्टिफिकेट, म्हणजे घराच्या उंचीचा दाखला, आता सक्तीचं नाही. विक्रेत्याकडे जुनं असेल तर मागून घ्या, त्याने दर उतरला तर लावा, नाहीतर राहू द्या.

जास्तीत जास्त संरक्षण इमारतीला 2,50,000 डॉलर आणि सामानाला 1,00,000. दोन्ही वेगवेगळं घ्यावं लागतं आणि डिडक्टिबलही (नुकसानीतला आधी आपण सोसायचा वाटा) दोन. शेतघरवाल्यांना बसतो तो फटका पुढेच आहे: बोअर, सेप्टिक, कुंपण, ड्राइव्हवे यांचा एक पैसा मिळत नाही. बार्नला (शेतावरच्या कोठाराला) वेगळी पॉलिसी लागते. सुट्या गॅरेजला इमारतीच्या रकमेच्या 10 टक्क्यांपर्यंत मिळतं, पण ते त्याच रकमेतून कापून. बेसमेंट असेल तर फर्नेस, इलेक्ट्रिक पॅनल यांचे मिळतात, तिथे हौसेने केलेल्या भिंती-फरशीचे नाहीत. सामानाची भरपाई घसारा वजा करून. घर राहण्याजोगं नसेल तर हॉटेलचं बिल तुमचं तुम्हीच भरायचं.

आणि पूर कशाला म्हणायचं याचीही व्याख्या आहे: एरवी कोरडी असणारी किमान दोन एकर जमीन किंवा किमान दोन मालमत्ता पाण्याखाली जायला हव्यात, त्यातली एक तुमची. पाइप फुटून तळघर भरलं तर तो पूर नव्हे. तुमची पाच एकर असल्याने ही अट तुम्हाला एकट्यालाही पुरी होऊ शकते, शहरातल्या छोट्या प्लॉटवाल्याला ती सोय नाही.

आधी घ्या म्हणालो त्याचं कारण: एरवी पॉलिसी लागू व्हायला 30 दिवस लागतात. घराच्या कर्जासोबत, क्लोजिंगच्या वेळी किंवा आधी अर्ज करून पैसे भरले तर ही वाट बघावी लागत नाही. नंतर रेडिओवर वादळाची बातमी ऐकून धावलात तर महिनाभर उघड्यावर.

विक्रेत्याला मात्र आजच विचारा, त्याची सरकारी पूरविमा पॉलिसी चालू आहे का. असेल तर ती तुमच्या नावावर करून घेता येते. त्याचा दर अजून नव्या पद्धतीच्या पूर्ण दरापर्यंत चढला नसेल, तर तो सवलतीचा दरही पॉलिसीबरोबर तुमच्याकडे येतो, आणि राहत्या घराला वाढ बहुतेक वेळा वर्षाला 18 टक्क्यांपेक्षा जास्त लागत नाही. त्याने क्लोजिंगआधीच ती बंद केली, तर तुम्हाला पहिल्या दिवसापासून पूर्ण दर.