एकाच द्राक्षाच्या सिरा आणि शिराझ या वाइन चवीला इतक्या वेगळ्या का लागतात?

फ्रान्सची सिरा आणि ऑस्ट्रेलियाची शिराझ एकाच द्राक्षाची असेल, तर एक तिखटसर आणि दुसरी गोडसर का लागते, असे आपण विचारले आहे. द्राक्ष खरोखरच एक आहे. १९९८ साली डीएनए तपासणीत त्याचे आईबाप दुरेझा आणि मोंदूझ ब्लांश हे आग्नेय फ्रान्सचे वाण असल्याचे दिसले, आणि हे द्राक्ष इराणच्या शिराझ शहरातून आल्याची जुनी कथा मागे पडली. द्राक्षशेतीचे जाणकार जेम्स बस्बी यांनी १८३२ मध्ये त्याची कलमे ऑस्ट्रेलियात पोहोचवली.

चव बदलते ती मुख्यतः द्राक्ष किती पिकते यावर. फ्रान्सच्या उत्तर ऱ्होन खोऱ्यातल्या कोर्नास गावची वाइन निव्वळ सिराची असते. मी ती ऑस्ट्रेलियातल्या बरोसा भागाच्या शिराझशेजारी ओतून घेतली, तेव्हा कोर्नासच्या पेल्यातून आधी नुकत्याच कुटलेल्या मिऱ्यांचा वास आला आणि घोट गिळल्यावर हिरड्या कच्चे जांभूळ खाल्ल्यासारख्या आवळल्या. हा वास रोटंडोन या द्रव्याचा. मिऱ्यांतही तेच असते आणि थंड हवेतल्या द्राक्षांत ते अधिक टिकते. पाचांपैकी साधारण एका माणसाला तो वास येतच नाही, म्हणून आपल्याला मिरी जाणवली नाही तर स्वतःच्या जिभेला दोष देऊ नये. बरोसाच्या कडक उन्हात साखर जास्त भरते, त्यामुळे अल्कोहोल बहुधा १४ टक्क्यांच्या वर जाते आणि चव जांभळाच्या मुरंब्याकडे झुकते. तिथे अनेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन ओकच्या पिंपांमुळे व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास वर चढतो. ती गोड वाटली, तरी तिच्यात साखर फारशी उरलेली नसते.

नाशिकची शिराझ मला या दोन्हींच्या मधली वाटते. तिथे पावसाळा सरता सरता फळछाटणी होते आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, त्यामुळे घड गार रात्री आणि तापत्या दुपारी यांच्या कात्रीत पिकतात.

तुलना करताना बाटल्या आपल्याकडच्या ३० अंशांच्या खोलीत ठेवून उघडू नयेत. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात, नाहीतर अल्कोहोलची झणक बाकी सगळे झाकून टाकते. आणि कोर्नास आधी चाखावी, कारण बरोसानंतर ती उगाच आंबट आणि पातळ वाटते.