तिसरं इस्पिक पडल्यावर कॉल करावा का?

तुम्ही इथे टाकलेला पोकरचा डाव मी काल रात्री दोनदा नीट वाचला. आधी उत्तर सांगतो, मग कारण. रिव्हरवरचा (टेबलावरच्या शेवटच्या, पाचव्या पानानंतरचा) कॉल, म्हणजे त्याने लावले तेवढेच भरणं, चुकला. टर्नवरचा (चौथ्या पानानंतरचा) बेट मात्र अगदी बरोबर होता. तुम्ही नेमकं उलटं धरून बसला आहात, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

नंतर वाचणाऱ्यांसाठी डाव थोडक्यात मांडतो. सहा जणांचं टेबल, ब्लाइंड (दोघांनी सुरुवातीलाच सक्तीने लावायची रक्कम) 50-100, सगळ्यांकडे दहा-दहा हजार चिप्स. तुम्ही बटनवर (शेवटी चाल करायच्या जागेवर), हातात इस्पिकचा एक्का आणि किलवरची राणी. रक्कम वाढवून 250 चा रेज केलात, फक्त बिग ब्लाइंडने (सक्तीचे 100 लावणाऱ्याने) कॉल केला, पॉट (मधे जमलेली रक्कम) 550. फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन पानं): इस्पिकची राणी, इस्पिकची अठ्ठी, चौकटची तिर्री. त्याने चेक केलं, म्हणजे काही न लावता चाल पुढे दिली, तुम्ही 300 लावले, त्याचा कॉल. पॉट 1150. टर्नला किलवरची दुर्री. पुन्हा त्याचं चेक, तुमचे 800, त्याचा कॉल. पॉट 2750. रिव्हरला इस्पिकची छक्की पडली आणि दोन वेळा गप्प बसलेल्या माणसाने एकदम 2750 पुढे ढकलले. तुम्ही वेळ संपेपर्यंत विचार करून कॉल केलात. त्याने इस्पिकची दश्शी-सत्ती दाखवली. फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं.

तुमचं म्हणणं असं: "माझ्याकडे इस्पिकचा एक्का होता, म्हणजे सगळ्यात मोठा फ्लश त्याच्याकडे असूच शकत नव्हता. शिवाय टॉप पेअर (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पानाची जोडी), वर एक्का. नशीब वाईट. टर्नला जास्त लावायला हवे होते का?" त्याखाली दोघांनी "कॉल बरोबरच, ऑनलाइनवर सगळे ब्लफ मारतात" असं लिहिलंय. मला ते पटत नाही.

किंमत बघू. 2750 भरून तुम्हाला 5500 मिळणार होते. म्हणजे तीनदा कॉल करून एकदा जिंकलात तर बरोबरी. गरज 33 टक्क्यांची. एवढं तुम्हीही लिहिलंय आणि ते बरोबर आहे. पण पुढे "तो तीनात एकदा तरी ब्लफ मारतच असेल" असं म्हणून सोडून दिलंत. घोडं अडलं ते तिथे. ब्लफ मारायला त्याच्या हातात पानं कुठली होती?

आमच्या कल्याण फास्टला मांडीवर बॅग आडवी ठेवून मेंढीकोट खेळणारा एक ग्रुप होता. त्यातले एक काका कधी कोणाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. फक्त कोणी कुठला रंग कधी तोडला, कुठली दश्शी अजून बाहेर यायची आहे, एवढंच डोक्यात. घाटकोपर येईपर्यंत समोरच्याच्या हातात काय उरलंय हे ते पानापानाने सांगायचे. पोकरमध्ये ज्याला रेंज म्हणतात ती हीच गोष्ट. प्रत्येक चालीला समोरच्याच्या हातातून काही पानं गळतात. गळून उरतं ते मोजायचं.

तर मोजू. दोनदा कॉल करून रिव्हरपर्यंत आलेल्या माणसाकडे काय काय असेल? एक, राणीची जोडी: राजा-राणी, राणी-गुलाम, राणी-दश्शी. दोन, मधल्या जोड्या: अठ्ठी, किंवा हातातच नव्वी-नव्वी, दश्शी-दश्शी. तीन, दोन इस्पिक. फ्लॉपवर दुसरा मोठा ड्रॉ (एखादं पान आलं की पुरा होणारा हात) नव्हताच. गुलाम-दश्शीसारख्यांना ओळीने पाच पानं जुळायला फक्त नव्वीची आशा होती, टर्नच्या 800 ला ते बहुतेक गळतात.

आता तिसरं इस्पिक पडलं. राणीवाला काय करेल? चेक. त्याला शोडाऊन (शेवटी पानं उघडून दाखवणं) स्वस्तात हवा असतो. जोडीला ब्लफ बनवणारे लोक आहेत, पण छोट्या टेबलांवर थोडेच. आणि दोन इस्पिकवाले? त्यांचा फ्लश झाला. ब्लफ मारायचं कारणच संपलं. ज्या पानांनी माणूस ब्लफ मारतो, म्हणजे फसलेले ड्रॉ, ती या रिव्हरवर शिल्लकच राहिली नाहीत.

आकडे घालू. एक्का तुमच्याकडे, राणी, अठ्ठी, छक्की टेबलावर. उरलेल्या इस्पिकांत राजासोबत गुलाम, दश्शी, नव्वी, सत्ती आणि चार लहान पानं, असे आठ हात. गुलामासोबत दश्शी, नव्वी, सत्ती, हे तीन. दश्शी-नव्वी, दश्शी-सत्ती, नव्वी-सत्ती, 7-5 आणि 5-4 हे पाच. एकूण सोळा. काही जण आधीच रेज करतात, काही जण प्री-फ्लॉपलाच (फ्लॉपच्या आधीच) सोडतात. हात आखडून धरला तरी बारा राहतात. सेट (तीन सारखी पानं) आणि दोन जोड्या मी मोजतच नाहीये, म्हणजे मोजणी तुमच्या बाजूला झुकवूनच केली आहे.

बाराला तोंड द्यायला सहा ब्लफ हवेत, तेव्हा कुठे 33 टक्के होतात. मला शोधून शोधून तीन सापडले: इस्पिकचा राजा आणि अठ्ठीची जोडी. राजाचा धाक दाखवून बेट लावणारा एखादा असतो, आणि उरलेल्या अठ्ठ्या तीन, म्हणून तीन प्रकार. पंधरात तीन म्हणजे 20 टक्के. 20 टक्के वेळा 5500 मिळाले आणि 80 टक्के वेळा 2750 गेले, तर सरासरी प्रत्येक कॉलमागे 1100 चिप्स जातात. चिप्स गेल्या त्या या हिशेबाने गेल्या. रिव्हरवर नशीब फिरलं असतं-नसतं याचा त्यात भाग नाही.

तुमच्या एक्क्याबद्दल जरा थांबून लिहितो, कारण ब्लॉकर (आपल्या हातात असल्याने समोरच्याकडे असू न शकणारं पान) हा शब्द आजकाल सगळे वापरतात आणि अर्धाच वापरतात. इस्पिकचा एक्का तुमच्याकडे असल्याने एक्क्याचा फ्लश त्याच्याकडे नाही, हे खरं. पण तुमच्याकडे फ्लश नव्हताच. हातात एकच इस्पिक, टेबलावर तीन. तेव्हा त्याचा फ्लश राजाचा असो की पंजीचा, तुमच्या एका जोडीला सारखाच. बरं, या रिव्हरवर सुटा इस्पिकचा एक्का हातात असणारा माणूस हाच सगळ्यात साहजिक ब्लफर. एक्का आणि अठ्ठीची जोडी घेऊन आलेला माणूस इथे पॉटएवढा बेट लावू शकतो. ते तिन्ही प्रकार तुमच्या हातातल्या एक्क्याने मारले. म्हणजे एक्क्याने त्याचे काही फ्लश कमी केले आणि वर त्याचे सगळ्यात चांगले ब्लफही कमी केले. नुसता पहिला भाग धरून कॉल करणं ही चूक मी चांगल्या चांगल्या खेळाडूंची पाहिली आहे.

आता टर्न. "जास्त लावायला हवे होते का" असं तुम्ही विचारलंत, आणि मला या डावातली सगळ्यात शिकण्यासारखी जागा हीच वाटते. 1150 च्या पॉटमध्ये तुम्ही 800 लावलेत. त्याला 800 भरून एकूण 2750 च्या पॉटसाठी खेळायचं होतं, म्हणजे 29 टक्के हवे. त्याच्याकडे काय होतं? न दिसलेल्या 46 पानांपैकी 9 इस्पिक. साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास. निव्वळ या आकड्यावर त्याचा कॉल तोट्याचा होता. तुम्ही त्याला चुकीच्या भावात माल विकलात, आणि त्याने घेतला.

मग तो कॉल त्याला परवडणार कधी? फ्लश लागल्यावर तुमच्याकडून रिव्हरला आणखी पैसे निघाले तर. किती? 46 पैकी 37 वेळा त्याचे 800 जातात, म्हणजे 29,600. 9 वेळा पॉटमधले 1950 मिळतात, म्हणजे 17,550. खड्डा 12,050 चा. तो 9 वेळांत भरायचा, म्हणजे फ्लश लागेल त्या प्रत्येक वेळी सरासरी 1340 च्या आसपास तुमच्याकडून जास्तीचे यायला हवेत. तुम्ही दिलेत 2750. दुपटीहून जास्त. टर्नला तुम्ही त्याच्याकडून चुकीचा कॉल करवून घेतलात, आणि रिव्हरला स्वतः पैसे भरून तो कॉल बरोबर ठरवलात. हे मला जेव्हा पहिल्यांदा कागदावर दिसलं, तेव्हा माझी रिव्हर खेळायची पद्धतच बदलली. फ्लश आल्यावर सोडून देणं हा टर्नच्या चांगल्या बेटचाच पुढचा भाग आहे. दोन्ही मिळून एक चाल.

बेटच्या आकाराबद्दल एकाने लिहिलंय की असा अचानक पुढून लावलेला बेट, ज्याला डाँक बेट म्हणतात, हे कच्च्या खेळाडूचं लक्षण, म्हणून कॉल. हा समज जुना आहे. 2019 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकने मिळून केलेल्या प्लुरिबस या प्रोग्रॅमने सहा जणांच्या नो-लिमिटमध्ये (बेटला वरची मर्यादा नसलेल्या पोकरमध्ये) व्यावसायिक खेळाडूंना हरवलं, तेव्हा तो हे डाँक बेट माणसांपेक्षा कितीतरी जास्त वेळा लावत होता. त्यामुळे चाल वाईट नाही. आणि समोरचा कच्चा असेल, तर आणखी घाबरायला हवं. कच्चा माणूस फ्लश लागल्यावर चेक करून तुमच्या बेटची वाट बघत बसत नाही. तुम्हीही चेक केलंत तर काय, या भीतीने तो स्वतःच लावून मोकळा होतो.

त्याने टाइम बँक (विचारासाठी मिळणारा जादा वेळ) वापरली, म्हणून तो अडखळला असं तुम्हाला वाटलं. ऑनलाइनवर याला मी फार किंमत देत नाही. माणूस लोकलमध्ये असेल आणि गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली असेल, तरी स्क्रीनवर घड्याळ तसंच पळताना दिसतं.

दुसऱ्या एकाने गणित मांडलंय: पॉटएवढ्या बेटसमोर निम्म्या हातांनी तरी कॉल केला पाहिजे, नाहीतर समोरचा आपल्याला लुटेल. सूत्र खरं आहे. पण निम्मे म्हणजे तुमच्या सगळ्या हातांपैकी वरचे निम्मे. बटनवरून दोन बेट लावत आलात, तेव्हा तुमच्याकडेही फ्लश असतात, सेट असतात. कॉल त्यांनी करायचा. आणि समोरचा पुरेसे ब्लफ मारतच नसेल, तर निम्म्यांनी कॉल करण्याची सक्तीही उरत नाही.

आता फक्त शेवटचं पान बदला. इस्पिकच्या छक्कीऐवजी बदामाची पंजी पडली आणि त्याने तेच 2750 लावले. आता ते सोळाच्या सोळा फसलेले ड्रॉ झाले, आणि इस्पिकची छक्की बाहेर राहिल्यामुळे आणखी दोन-तीन त्यात आले. तुम्हाला हरवणारं काय? अठ्ठी, तिर्री, दुर्रीचे सेट प्रत्येकी तीन प्रकारे, एका रंगाची राणी-अठ्ठी दोन प्रकारे. अकरा, आणि त्यातले बरेच आधीच रेज करून मोकळे झालेले असतात. साडेपाच ब्लफ पुरेत. अठरा फसलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याने जरी हिंमत केली तरी सहा होतात. तिथे मी कॉल करतो, आणि हरलो तरी पुन्हा करेन. गंमत अशी की तिथे तुमचा इस्पिकचा एक्का नडतो, कारण एक्क्याचे फसलेले ड्रॉ तो त्याच्या हातातून काढून घेतो. तिथे बदामाचा एक्का हातात असलेला बरा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा आल्यापासून पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदही त्या कायद्याने ठेवलेला नाही. आपण सगळे आता फुकटच्या चिप्सवर सराव करतो. फुकटच्या चिप्सवर लोक सैल कॉल करतात, म्हणून तिथे ब्लफ कमी आणि चांगल्या पानांवर बेट जास्त लावावेत. परंतु फुकटच्या टेबलावर गंमत म्हणून ऑल-इन मारणारेही (सगळ्या चिप्स एकदम लावणारेही) असतात, आणि त्यांच्यामुळे तुमची नजर बिघडू शकते. यासाठी मी एक वही ठेवली होती. रिव्हरवर मोठा बेट आला की पान उलगडायच्या आधी लिहायचं: किती टक्के लागतात, आणि ब्लफची कुठली पानं दिसतात, नावानिशी. नंतर निकाल लाल किंवा निळ्या पेनाने. काही महिन्यांनी वही उघडली, तर फ्लश पूर्ण झाल्यावर केलेले कॉल जवळजवळ सगळे लाल होते, आणि त्या ओळींत ब्लफच्या पानांची जागा बहुतेक वेळा कोरी. मला नावं सुचलीच नव्हती, तरी कॉल केले होते.

हा निकाल मी एका गोष्टीवर बदलेन. याच माणसाचे त्या दिवशीचे बाकीचे डाव तुमच्या हँड हिस्ट्रीत (खेळलेल्या डावांच्या नोंदीत) असतील. त्यात कुठे तिसरा एकरंगी पत्ता पडल्यावर त्याने असाच पुढून बेट लावलाय आणि नंतर नुसती जोडी दाखवलीय का, ते शोधा. असे दोन डाव जरी सापडले, तर माझ्या तीन ब्लफचे सहा होतात आणि तुमचा कॉल बरोबर ठरतो. ते डाव इथे टाका, मी पुन्हा मोजून देतो.