कम्युनिटी रिवॉर्डमध्ये नव्याने उतरताय? आधी एवढं बघा

कम्युनिटी रिवॉर्ड म्हणजे क्रिप्टो प्रकल्पाला मदत केल्याबद्दल मिळणारं बक्षीस, बहुधा टोकनमध्ये, म्हणजे त्या प्रकल्पाच्या डिजिटल नाण्यांत. सुरुवातीला एकच प्रकल्प धरा. दहा प्रकल्पांच्या डिस्कॉर्ड चॅट ग्रुपमध्ये रोज 'गुड मॉर्निंग' टाकून पॉइंट जमवणारे खूप असतात, आणि वाटपाच्या वेळी बरेचदा तेच गाळले जातात. त्यापेक्षा प्रकल्पाचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्याच्या सूचना स्वतः पायरीपायरीने करून बघा. एखादी कमांड अडली, तर आवृत्ती कोणती, एरर काय आला, काय बदलल्यावर चाललं, हे गिटहबवर (जिथे प्रकल्पाचा कोड असतो) इश्यूमध्ये, म्हणजे अडचणीच्या नोंदीत, नीट लिहा. अशी नोंद टीमच्या खरंच उपयोगी पडते.

कामाला लागण्याआधी नियम वाचा. बक्षीस ठरलंय की नुसतं 'पुढे बघू'? टोकन लगेच मिळतात की व्हेस्टिंगमध्ये अडकतात, म्हणजे ठरलेल्या काळानंतरच हाती येतात? पॉइंट म्हणजे पैसे नव्हेत. 2020 मध्ये युनिस्वॅप या क्रिप्टो एक्स्चेंजने जुन्या वापरकर्त्यांच्या प्रत्येक वॉलेटला (टोकन ठेवायच्या डिजिटल पाकिटाला) किमान 400 टोकन दिले, हे खरं. पण तशा आशेवर महिनोन्‌महिने राबू नका.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- अनेक खाती काढणं. सिबिल तपासणीत (एकाच माणसाची अनेक खाती शोधणाऱ्या) सापडलात तर खरं कामही बाद होतं.
- एआयने लिहिलेलं न तपासता पाठवणं.
- मुख्य वॉलेट जोडणं. वेगळं, रिकामं वॉलेट ठेवा. 12 किंवा 24 शब्दांची सीड फ्रेज, म्हणजे वॉलेटची गुप्त किल्ली, कुणालाही देऊ नका, 'सपोर्ट'वाल्यालाही नाही. बक्षिसासाठी आधी पैसे मागितले, तर तिथून निघा.

स्टेकिंग (टोकन अडकवून कमाई), गव्हर्नन्स (प्रकल्पाच्या निर्णयांवर मतदान) वगैरे सध्या राहू द्या. पहिला इश्यू लिहिलात की पाठवण्याआधी मला दाखवा, मी मनापासून वाचेन.