सूर-सवाल : आवाज खाली आला, आता गाऊ का?

प्रश्न : मी सिडकोत राहते, वय ५४. शाळेत असताना गांधर्वच्या परीक्षा दिल्या होत्या, मध्यमा प्रथमपर्यंत. मग लग्न, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण. पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. गेल्या वर्षी मुलीने मोबाईलवर अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डचं गाणं ऐकवलं आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. पण पाळी गेल्यापासून आवाज जाड झालाय, वरचा सा लागतच नाही. मोठे दीर म्हणतात, "पलुस्करांच्या नाशकात राहून हे कसलं हॉटेलातलं गाणं?" तुम्हीही उशिराच जॅझकडे वळलात असं कळलं. खरं सांगा, या वयात जमेल का?

उत्तर : ताई, आधी आवाजाचं बोलू, कारण तुमची खरी भीती तिथे आहे. पाळी गेल्यावर शरीरातली संप्रेरकं बदलतात, स्वरतंतू थोडे जाड होतात, कोरडे पडतात. आवाज खाली येतो, वरचे स्वर आखडतात. कमी-जास्त प्रमाणात हे पुष्कळ जणींना होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून प्रत्येकीला वाटतं की आपलाच गळा गेला.

माझी पट्टी, म्हणजे पेटीवर माझा सा जिथे बसतो ती जागा, लग्नाआधी काळी पाच. ४९व्या वर्षी देवळाली कॅम्पात जॅझ शिकवणाऱ्या सरांसमोर पहिल्यांदा बसले तेव्हा मी हट्टाने काळी पाचच मागितली. तार षड्जाला पोचायच्या आतच आवाज फाटला. डोळ्यांत पाणी आलं, उठून जावंसं वाटलं. सर मूळचे गोव्याचे, उमेदीच्या काळात मुंबईच्या हॉटेलांत पियानो वाजवलेले. ते काही बोलले नाहीत. तीन घरं खाली सरकले आणि तेच पुन्हा वाजवलं. पांढरी पाच. आवाज असा बसला, जसा पायात जुना चपलेचा जोड बसतो. आज मी ६३ वर्षांची आहे आणि अजून पांढरी पाचमध्येच गाते.

तेव्हा ताई, पेटी माळ्यावरून काढा आणि आजची पट्टी शोधा. मुलगी होता तेव्हाची शोधू नका. रोज सकाळी दहा मिनिटं ओठ मिटून गुणगुणा, मग ओठ फुरफुरवत खालून वर, वरून खाली या. पाणी भरपूर प्या. आवाज सलग तीन आठवडे बसलेला राहिला, किंवा गाताना दुखलं, तर मात्र घरगुती काढ्यावर न थांबता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

जॅझमध्ये खालच्या आवाजाला मोठा मान आहे. माईकपाशी गायचं असतं, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गळा फेकायचा नसतो. अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेचा आवाज एका सप्तकाच्या जरासा पलीकडे जायचा, त्याहून फार नाही. एवढ्या जागेत तिने काय केलंय ते एकदा रात्री दिवा मालवून ऐका.

वयाबद्दल विचारलंत, तर मी अल्बर्टा हंटरचं नाव सांगेन. जन्म १८९५ चा, मेम्फिसचा. तरुणपणी नावाजलेली गायिका. आई गेल्यावर तिने गाणं सोडलं, नर्सिंग शिकली आणि न्यूयॉर्कच्या रुग्णालयात वीसेक वर्षं नर्स म्हणून राबली. नोकरी मिळावी म्हणून वय बारा वर्षांनी कमी सांगितलं होतं. रुग्णालयाने ७० झाली समजून १९७७ साली निवृत्त केलं तेव्हा ती ८२ची होती. त्याच वर्षी ती न्यूयॉर्कच्या एका छोट्या क्लबात पुन्हा गायला उभी राहिली आणि १९८४ मध्ये जाईपर्यंत गाणं थांबवलं नाही. तिची आणि आपली गोष्ट अगदी सारखी नाही हे मला कळतं. तिच्या गळ्यावर आधीचे संस्कार होते, आपण सुरुवातच उशिरा करतोय. पण ती ८२व्या वर्षी जे गायची ते विशीतल्या आवाजाने गात नव्हती, आणि लोक ऐकायला यायचे ते त्याच आवाजासाठी. शिवाय मध्यमा प्रथमचे संस्कार तुमच्याकडेही आहेतच. कोमल गंधार कानाने ओळखता येतो ना? मग निम्मं झालं.

पहिलं गाणं 'समरटाइम' घ्या. अमेरिकन संगीतकार गर्श्विनच्या १९३५ सालच्या ऑपेरातली ही अंगाई. चाल जेमतेम एका सप्तकाची, मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत. सुरुवातीचे तीन स्वर प-ग-प, गंधार कोमल. तार सप्तकाचं नावच नाही. तुमच्या मुलांना थोपटताना जे गुणगुणला असाल तेच अंगात आणा. पहिले पंधरा दिवस गाऊ नका, नुसते शब्द बोला. शेजारणीला निरोप सांगावा तसे सहज. सरांनी मला महिनाभर बोलायलाच लावलं होतं आणि तेव्हा मी मनातून चिडले होते. पण जॅझमधली गाणारी बाई आधी बोलते, सूर त्या बोलण्यामागून येतो. ही गोष्ट मला पन्नाशीच्या आधी समजली असती असं वाटत नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवते, कारण आपल्याकडे शिकलेल्या प्रत्येकाला ती येते. तंबोरा नसतो. आपण सा धरून बसतो आणि सगळं त्याच्याशी जोडतो. इथे खालची जमीनच सरकत असते, दर एक-दोन बारला, म्हणजे मात्रांच्या गटाला, कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार स्वर) बदलतो. तुम्ही तोच पंचम धरून ठेवलात तरी खाली कॉर्ड बदलला की त्याचा अर्थ बदलतो, कधी तो गोड लागतो, कधी टोचतो. सुरुवातीला मला गाडी सुटल्यावर फलाट हलल्यासारखं वाटायचं. यावर उपाय एकच. चाल बाजूला ठेवा आणि आठवडाभर प्रत्येक कॉर्डचा फक्त मूळ स्वर गा, अगदी खर्जात. पाय टेकायची जागा कळली की वर फिरायला भीती वाटत नाही.

आता तुमचे दीर. त्यांचा पलुस्करांबद्दलचा आदर मलाही आहे. दत्तात्रेय विष्णू पलुस्करांचा जन्म इथलाच, १९२१चा. त्यांच्या वडिलांनी, विष्णू दिगंबरांनी, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते कशासाठी? गाणं दरबारातून आणि मूठभर घराण्यांतून बाहेर यावं, साध्या घरातल्या मुलामुलींनी शिकावं म्हणून. तुम्ही दिलेल्या मध्यमेचं मूळ त्याच कामात आहे. चांगल्या घरच्या बाईने गाऊ नये असं सांगणारे तेव्हाही होते. आणि जॅझ आपल्याला इतकं परकंही नाही. सी. रामचंद्र इथून जवळच्या पुणतांब्याचे. त्यांनी गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांना बरोबर घेऊन १९५१ साली 'अलबेला'ची गाणी केली. त्या गाण्यांवर दीरांनीही लग्नाच्या वरातीत पाय हलवले असतील. त्यांना प्रेमाने एवढंच सांगा.

प्रश्न : वय ६१, गंगापूर रोड. तीस वर्षं हौसेने तबला वाजवला. आता जॅझ गायचा प्रयत्न करतोय, पण स्विंग जमत नाही. माझ्या मुलाचा मित्र गिटार वाजवतो, तो म्हणतो, "काका, तुम्ही फार सरळ गाता." सरळ म्हणजे काय, हेच कळत नाही.

उत्तर : काका, मी एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, त्यातली बरीच मोजणीत. हाताला एकसारखं मोजायचं वळण लागलेलं. मलाही हेच वाक्य ऐकावं लागलं आणि ते फार लागलं होतं.

तुम्ही तबला वाजवता, म्हणून तबल्याच्या भाषेत सांगते. एका मात्रेत दोन अक्षरं असली की आपण ती सारखी वाटतो, निम्मी-निम्मी. स्विंगमध्ये मात्रेचे मनात तीन तुकडे करायचे. पहिल्या अक्षराला दोन तुकडे, दुसऱ्याला एक. दाऽ-द, दाऽ-द. टांग्याच्या घोड्याची चाल आठवा, ती याच्या अगदी जवळची. गाणं जलद झालं की हा फरक कमी होत जातो, म्हणून शिकताना मध्यलयीत शिका.

दुसरी गोष्ट टाळीची. आपलं सगळं शिक्षण समेवर येण्याचं. चार मात्रांच्या बारमध्ये आपण पहिलीवर मान हलवणार. जॅझमध्ये चुटकी वाजते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. मी हे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालत चालत शिकले. उजवा पाय एक, डावा दोन, उजवा तीन, डावा चार. चुटकी फक्त डाव्या पायाला. पहिले चार-पाच दिवस चुटकी आपोआप उजव्या पायाकडे पळते. पळू द्या, पुन्हा डाव्यावर आणा. तीन आठवड्यांनी ती तिथे राहिली, आणि त्या सकाळी मी घरी येऊन यजमानांना चहा टाकायच्या आधी चुटकी वाजवून दाखवली.

तिसरी गोष्ट तुम्हाला सर्वांत जड जाईल. शब्द मात्रेवर ठेवू नका, किंचित मागे ठेवा. लय मनात घट्ट, पण जीभ सैल. वादक पुढे चाललेत आणि तुम्ही त्यांच्या मागून, घाई न करता, पण हात न सोडता येताय. समेवर चुकणं आणि समजून उमजून मागे राहणं यांतलं अंतर तबलजीच्या कानाला पटकन कळतं, म्हणून मला तुमची काळजी वाटत नाही.

प्रश्न : इंग्रजी माध्यमात शिकले नाही. उच्चार गावठी वाटतील याची लाज वाटते. आणि स्टेजवर साडी चालेल का? — पंचवटीतून एक ४७ वर्षांची शिक्षिका

उत्तर : साडी चालेल. उषा उत्थुप चेन्नईच्या नाइटक्लबात साडी नेसून, कपाळाला टिकली लावून गायल्या, तेव्हा १९६९ साल होतं.

उच्चारांवर मात्र मेहनत घ्या. लाजेपोटी नको, शब्दांवर प्रेम म्हणून घ्या. एक कडवं निवडा, देवनागरीत लिहून काढा, जिथे आपण व आणि व्ह एक करतो तिथे खूण करा, लांबवायचे स्वर अधोरेखित करा. अर्थ मराठीत स्वतःच्या हाताने लिहा. मी आजही प्रत्येक गाण्याची अशी वही करते.

आणि शब्द विसरायची भीती असेल तर ऐका. माझा पहिला कार्यक्रम ५३व्या वर्षी झाला, एका छोट्या हॉलमध्ये. दुसऱ्या फेरीला शब्द पार गेले. माईक हातात, समोर माहेरची सगळी माणसं, आणि सोळाच्या सोळा बार मी नुसती उभी. सरांनी पियानो थांबवला नाही. फेरी पुरी केली, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि मी पुन्हा सुरुवातीपासून गायले. घरी सोडताना त्यांनी एलाची हकिगत सांगितली. १९६० साली बर्लिनमध्ये हजारो माणसांसमोर 'मॅक द नाइफ'चे शब्द ती विसरली. तिने थांबायचं नाव घेतलं नाही. 'शब्द विसरले' हेच लयीत गात, तिथल्या तिथे ओळी जुळवत गाणं तडीला नेलं. ते ध्वनिमुद्रण जसंच्या तसं बाजारात आलं आणि त्याला ग्रॅमी मिळालं. ते ऐका. ती कुठे विसरते, ती जागा शोधा आणि तिथला तिचा आवाज नीट ऐका. तो जराही घाबरलेला नाही.

प्रश्न : नाशकात जॅझ गायला, ऐकायला जागा कुठे? — दोन-तीन वाचकांची हीच विचारणा

उत्तर : ठरलेली, बारमाही जागा मला तरी इथे सांगता येणार नाही. आम्ही आमची बैठक घरीच सुरू केली. महिन्यातून एक रविवार, एक कीबोर्ड, एक गिटार, आणि तबला वाजवणारा एक मुलगा, जो आता ड्रमवर ब्रश फिरवायला शिकलाय. शेजाऱ्यांना आधी सांगतो, रात्री नऊला बंद करतो. ३० एप्रिलला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन असतो, २०११ साली युनेस्कोने जाहीर केलेला. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येकाने एक नवं गाणं गायचंच, असा दंडक आहे.

एकट्याने रियाज करणाऱ्यांनी मोबाईलवर 'आयरियल प्रो' हे साथीचं अॅप घ्यावं. हव्या त्या पट्टीत, हव्या त्या लयीत साथ मिळते आणि तुम्ही चुकलात तरी साथ चालूच राहते, हा त्याचा मोठा फायदा.

ऐकण्यासाठी मुंबईला जावं लागतं. एनसीपीएमध्ये, म्हणजे राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात, जॅझचे कार्यक्रम होतात, ते वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष बसून ऐका. ड्रमवर ब्रश घासल्याचा आवाज मोबाईलवर कधीच नीट येत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने आरामात जाता येतं, पण संध्याकाळची पंचवटी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच सुटलेली असते. मुक्कामाची सोय आधी बघून ठेवा.