नळीतली गोळी कितीवर ठेवायची?

घरच्या ऑक्सिजन यंत्राबद्दल प्रश्न पाठवा, असं मी लिहिलं होतं. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न पुन्हा पुन्हा येत होते, ते निवडले आहेत. त्यांतल्या पहिल्या पत्राने मला काळजीत टाकलं, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देतो.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं विडी ओढली, आता सोडली. सीओपीडीमुळे (श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद होण्याचा आजार) डॉक्टरांनी घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन गाळणारं यंत्र, लावायला सांगितला, मिनिटाला १ लिटरवर, रोज सोळा तास. बाबांना दम लागला की आम्ही तो ३-४ लिटरपर्यंत वाढवतो. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ९७ येतं, त्यामुळे आम्हाला हायसं वाटतं. पण सकाळी त्यांचं डोकं जड असतं आणि दिवसभर पेंगत असतात. यंत्रात दोष आहे का? (सांगली)

उत्तर : यंत्रात दोष असेल असं मला वाटत नाही. यंत्रावरच्या काचेसारख्या नळीत एक छोटी गोळी वर-खाली होते आणि मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन जातोय ते दाखवते. ती गोळी चुकीच्या आकड्यावर आहे. हे वाचताय तेव्हाच ती १ लिटरवर आणा. ऑक्सिजन एकदम बंद मात्र करू नका. अर्धा तास शेजारी बसून सॅच्युरेशन बघा आणि आजच डॉक्टरांना फोन करून ही पेंग सांगा. ते बहुधा धमनीतलं रक्त घेऊन एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी करतील. बाबा हाक मारूनही नीट जागे होत नसतील, असंबद्ध बोलत असतील किंवा हात पुढे धरल्यावर पंजे फडफडत असतील, तर फोनवर वेळ घालवू नका, १०८ बोलवा.

आता कारण. निरोगी माणसाचं ९७ आणि सीओपीडीच्या रुग्णाचं ९७ यांत फरक आहे. सीओपीडीत फुप्फुसाच्या काही भागांत हवा नीट पोचत नाही. शरीर शहाणपणाने त्या भागांकडे जाणारं रक्त आवळून धरतं आणि चांगल्या भागांकडे वळवतं. बाहेरून ऑक्सिजनचा मारा केला की हे आवळणं सुटतं. रक्त पुन्हा त्या बंदिस्त कोपऱ्यांत जातं आणि तिथून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला वाट नसते. तो रक्तात साचतो. सकाळचं जड डोकं आणि दिवसाची पेंग ही त्याचीच लक्षणं असू शकतात. बोटावरच्या ऑक्सिमीटरला यातलं काहीच दिसत नाही, तो फक्त ऑक्सिजन मोजतो. म्हणून अशा रुग्णांत ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठेवतात. ९० आलं तर घाबरायचं नाही. बोट गार असेल, नखाला मेंदी किंवा पॉलिश असेल, तर आकडा फसवा येतो. सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्तही दिसू शकतो. बोट चोळून ऊबदार करा, मिनिटभर थांबा, मग वाचा.

तुम्ही विचाराल, मग त्यांना दम का लागतो? कारण सीओपीडीतला दम बऱ्याचदा ऑक्सिजन कमी पडल्याने लागत नाही. आतली हवा पुरती बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास घ्यावा लागतो आणि छाती फुगलेलीच राहते. त्यावर गोळी वर सरकवणं हा उपाय नाही. शीळ घालताना करतो तसे ओठ करून हळूहळू फुंकर मारत श्वास सोडायला शिकवा. पुढे झुकून, कोपर टेबलावर टेकून बसवा. चेहऱ्यावर छोटा पंखा धरा, त्यानेही दम खरंच कमी जाणवतो. आणि पुढच्या भेटीत इनहेलर कसा घेतात ते डॉक्टरांसमोर करून दाखवा. माझ्या तपासणीच्या खोलीत रोज निदान एक तरी आजोबा असे येतात, ज्यांचं निम्मं औषध जिभेवरच बसलेलं असतं.

सोळा तासांचं मात्र कसोशीने पाळा. १९८० आणि १९८१ साली अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये झालेल्या दोन महत्त्वाच्या अभ्यासांवर हा सल्ला उभा आहे. ज्यांचा रक्तातला ऑक्सिजन फारच खाली आहे, म्हणजे विश्रांतीत सॅच्युरेशन ८८ किंवा त्याखाली, ते दिवसाला १५ तासांहून जास्त ऑक्सिजन घेतात तेव्हा जास्त जगतात. दम लागला की दहा मिनिटं लावून काढून ठेवण्याने हा फायदा मिळत नाही. आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दुसरी बाजूही दाखवली : विश्रांतीत ८९ ते ९३ असणाऱ्या सीओपीडीच्या रुग्णांना घरच्या ऑक्सिजनने आयुष्यात किंवा इस्पितळवाऱ्यांत फरक पडला नाही. ऑक्सिजन हे औषध आहे. त्याची मात्रा, वेळ आणि कोणाला द्यायचं हे तिन्ही ठरलेलं असतं. मधुमेहाच्या गोळ्या आपण अंदाजाने वाढवत नाही, तसंच हे.

प्रश्न : २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घाईने विकत घेतलेलं यंत्र माळ्यावर पडून आहे. आता सासूबाईंना ऑक्सिजन सांगितलाय. तेच वापरलं तर चालेल का? यंत्र सुरू होतं, बाटलीत बुडबुडेही येतात. (नाशिक)

उत्तर : बुडबुडे काहीच सांगत नाहीत. साधी हवा सोडली तरी बुडबुडे येतील.

हे यंत्र ऑक्सिजन तयार करत नाही, गाळून घेतं. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. आतला कॉम्प्रेसर हवा दाबून एका डब्यात ढकलतो. त्या डब्यात झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाचे बारीक मणी असतात. दाबाखाली नायट्रोजन या मण्यांना चिकटून राहतो, ऑक्सिजन पुढे निघून जातो. काही सेकंदांत डबा भरला की यंत्र दुसऱ्या डब्याकडे वळतं आणि पहिल्यातला दाब सोडून नायट्रोजन खोलीत परत टाकतं. यंत्राजवळ बसलं की ठराविक अंतराने ‘फुस्स’ ऐकू येतं ना, तो हा नायट्रोजन.

तुम्ही नाशिकचे, म्हणून सांगतो : झिओलाइट तुमच्याच मातीतलं आहे. दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट असे देखणे स्फटिक सापडतात, ते याच कुळातले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहता येतात. यंत्रातले मणी मात्र कारखान्यात मुद्दाम घडवलेले असतात.

या मण्यांना नायट्रोजनपेक्षा पाणी जास्त प्रिय. माळ्यावर इतके पावसाळे काढलेल्या यंत्रात दमट हवा शिरून मण्यांच्या जागा पाण्याने अडवलेल्या असू शकतात. मग नायट्रोजनला चिकटायला जागा उरत नाही आणि तोही ऑक्सिजनबरोबर नाकात जातो. यंत्र गुरगुरतं, बुडबुडे काढतं, आणि नळीतून येतो साठ टक्के ऑक्सिजन.

म्हणून एकच परीक्षा खरी. यंत्र अर्धा तास चालू ठेवा, सासूबाईंना सांगितलेल्या लिटरवर गोळी ठेवा आणि ऑक्सिजन अ‍ॅनालायझरने शुद्धता मोजून घ्या. दुरुस्ती करणाऱ्या माणसाकडे हे छोटं उपकरण असतं. नसेल तर त्याला परत पाठवा. चांगलं यंत्र ९३ टक्क्यांच्या आसपास देतं, तीन टक्के इकडेतिकडे. शंभर कधीच येणार नाही, कारण हवेतला जवळजवळ एक टक्का आर्गॉन वायू ऑक्सिजनच्या सोबतीने गाळणीतून पार होतो. शुद्धता बरीच घसरली तर चांगल्या यंत्रात दिवा लागतो, पण स्वस्त यंत्रांत हा सेन्सरच नसतो.

त्या घाईत ‘१ ते ७ लिटर’ असं लिहिलेली लहान यंत्रंही खूप विकली गेली. त्यांतली बरीचशी १ लिटरवर नव्वदच्या वर देतात आणि ७ लिटरवर तीस टक्क्यांच्या आसपास. साध्या हवेपेक्षा थोडंच जास्त. तुमचं यंत्र त्यातलं असेल तर ते सासूबाईंसाठी वापरू नका. नवीन घ्यायचं किंवा भाड्याने आणायचं असेल तर ‘५ लिटरवर ९० च्या वर’ हे पाहूनच घ्या.

प्रश्न : यंत्र खोलीतला ऑक्सिजन ओढून घेतं, मग बाकीच्यांना कमी पडेल का? सून बाळाला घेऊन त्याच खोलीत झोपते. (सातारा)

उत्तर : नाही. यंत्र खोलीतूनच घेतं आणि खोलीतच सोडतं. रुग्ण त्यातला थोडासाच वापरतो, बाकीचा उच्छ्वासातून परत येतो. दार-खिडकीच्या फटींतून येणारी हवा पुरेशी असते. यंत्राला मात्र स्वतःला श्वास घ्यायला जागा हवी : भिंतीपासून फूटभर लांब, पडद्यामागे नाही, स्वयंपाकघरात तर अजिबात नाही. मागची स्पंजाची गाळणी आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवून लावा.

प्रश्न : आमच्याकडे पावसात वीज दोन-दोन दिवस जाते. आईला २ लिटर लागतो. काय तयारी ठेवावी? महिन्याला बिल किती वाढेल? (सिंधुदुर्ग)

उत्तर : तुमचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण यंत्र घेताना दुकानात हे कोणी बोलत नाही.

५ लिटरचं यंत्र साधारण ३५० वॉट घेतं. सोळा तासांचे साडेपाच युनिट, महिन्याला सुमारे १७०. आता इन्व्हर्टर : घरोघरी असते ती १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॉट-अवर देते, प्रत्यक्षात बाराशे-तेराशे धरा. म्हणजे यंत्र साडेतीन तास चालेल, तेही दिवे-पंखे बंद ठेवून. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या, चौकोनी लहरींवर कॉम्प्रेसरची मोटर तापते.

दोन दिवसांची तयारी सिलिंडरनेच होते. ‘बी टाइप’ सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर वायू असतो. २ लिटरने ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. ‘डी टाइप’ म्हणजे जम्बो, त्यात ७००० लिटर; तो अठ्ठावन्न तास पुरतो. तुमच्या भागात मी एक जम्बो साखळीने भिंतीला बांधून आणि एक बी टाइप हाताशी, असं ठेवायला सांगेन. मृग लागायच्या आत भरून घ्या आणि रेग्युलेटर बसवून त्याच्या घड्याळासारख्या मापकावरचा दाब स्वतः बघा. सिलिंडर उघडायची चावी दोरीने त्यालाच बांधून ठेवा. अंधारात, वादळात ती चावी शोधणाऱ्या एका घरात मी उभा राहिलेलो आहे. चावी शेवटी गोठ्यात सापडली, शेजाऱ्याने कशासाठी तरी नेली होती. तोवर त्या माउलीचे ओठ निळे पडले होते. वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयालाही घरात ऑक्सिजनचा रुग्ण आहे असं लेखी कळवून ठेवा.

प्रश्न : आजी देवघरात रोज समई लावते. नळी नाकात ठेवून पूजा केली तर चालेल? (पुणे)

उत्तर : नाही, आजींना कितीही वाईट वाटलं तरी नाही. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण तो ज्यात मुरलेला असतो ते कापड ठिणगीला भसकन पेटतं. पदर, गोधडी, केस, सगळं. समई, उदबत्ती, गॅसची शेगडी यांच्यापासून निदान दहा फूट लांब राहा. पूजेची वीस मिनिटं नळी काढून चालेल का ते डॉक्टरांना विचारा. चालत असेल तर आधी यंत्र बंद करा, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, साडी बदलता आली तर उत्तमच, आणि मग समई लावा. चालत नसेल तर समई नातीने लावावी आणि आजींनी लांबून हात जोडावेत. चालू नळी अंथरुणावर कधीच टाकून ठेवू नका. आणि नाक कोरडं पडलं म्हणून व्हॅसलीन किंवा व्हिक्स लावू नका, पाण्यावर आधारलेलं जेल मिळतं ते लावा.

प्रश्न : बुडबुड्याच्या बाटलीत फिल्टरचं पाणी घातलं तर? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : डिस्टिल्ड वॉटर घाला, ते नसलं तर उकळून गार केलेलं. रोज बदला, उरलेल्यात भर घालू नका. बाटलीच्या तळाशी बोट फिरवा : बुळबुळीत लागलं तर तेच रुग्णाच्या छातीत जातंय. १-२ लिटरवर बाटलीची गरजही बहुधा नसते.

प्रश्न : मुलीची प्रसूती न्यू जर्सीत झाली. बाळाला जन्मतःच श्वासाचा त्रास होता, म्हणून नायट्रिक ऑक्साइड दिला. तिथले डॉक्टर म्हणतात, हा वायू यंत्रच हवेतून बनवतं. हा तर गाड्यांच्या धुरातला विषारी वायू ना? आम्ही इथे फार घाबरलो आहोत. (ठाणे)

उत्तर : तुमची भीती समजते. पण हे औषध बाळाच्या बाजूने काम करणारं आहे.

पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. पहिल्या रडण्याबरोबर त्या उघडायला हव्यात. काही बाळांत त्या उघडतच नाहीत आणि रक्त फुप्फुसाला वळसा घालून जातं. आपल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर स्वतःच सूक्ष्म प्रमाणात नायट्रिक ऑक्साइड बनवून त्या सैल करत असतं. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. तोच वायू श्वासातून दिला की जिथे हवा पोचते तिथल्याच वाहिन्या सैल होतात. रक्तात मिसळताच तो निष्क्रिय होतो, म्हणून बाकीच्या शरीराचा रक्तदाब पडत नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉ. वॉरन झापोल यांच्या गटाने यावर मोठं काम केलं आणि डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत नवजात बाळांसाठी याला मान्यता मिळाली. नेहमीची मात्रा २० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत फक्त वीस.

पूर्वी हा वायू सिलिंडरमधूनच यायचा. आकाशात वीज कडाडते तेव्हा हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन जुळून नायट्रिक ऑक्साइड बनतो. नवी यंत्रं तेच काम छोट्या विद्युत ठिणगीने करतात. अमेरिकेत असं पहिलं यंत्र जून २०२२ मध्ये मान्य झालं. त्यात नायट्रोजन डायऑक्साइडही थोडा बनतो, आणि तो खरंच घातक आहे. म्हणून वाटेत गाळणी असते आणि दोन्ही वायू सतत मोजले जातात. बाळाच्या रक्तातलं मेटहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन, तेही तपासतात. हा वायू एकदम तोडत नाहीत, पायरी पायरीने उतरवतात. त्यामुळे ‘अजून बंद का केला नाही’ म्हणून मुलीला फोनवर धारेवर धरू नका.

प्रश्न : एक प्रतिनिधी घरी हायड्रोजन श्वासातून देणारं यंत्र दाखवून गेला. दमा, गुडघे, साखर, सगळ्यावर चालतं म्हणाला. ओझोनचंही आहे त्याच्याकडे. हप्त्याने घ्यावं का? (कोल्हापूर)

उत्तर : घेऊ नका. हायड्रोजनवर संशोधन चालू आहे, पण दम्यासाठी, गुडघ्यांसाठी किंवा साखरेसाठी घरी घ्यावं असं सिद्ध झालेलं काही नाही. शिवाय हवेत चार टक्क्यांवर गेला की तो ठिणगीने पेट घेऊ शकतो. ओझोन तर श्वासनलिकेला थेट भाजतो. दम्याच्या माणसाने तो हुंगणं म्हणजे झटका ओढवून घेणं. तेच पैसे दम्याच्या नेमाच्या इनहेलरवर आणि त्याला जोडायच्या पोकळ नळकांड्यावर, म्हणजे स्पेसरवर, खर्च करा. तो प्रतिनिधी पुन्हा आला तर यंत्राचा वैद्यकीय परवाना लेखी मागा.