मुद्दाम हरायचं बुद्धिबळ: नव्याने खेळणाऱ्यासाठी

पहिल्या पाच-सहा डावांत समोरच्याचे मोहरे आधी संपले म्हणून खट्टू होऊ नका, सगळ्यांचं तसंच होतं. इथे सगळे मोहरे गमावणारा जिंकतो, आणि मारता येत असेल तर मारावंच लागतं. शह-मात नाही, राजाही बाकीच्यांसारखाच मारला जातो.

सध्या एवढंच पाळा:

- मोहरे उधळत सुटू नका. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. समोरचा आपल्याला काय मारायला लावेल, हे प्रत्येक खेळीआधी बघा.
- उंटाची वाट जपून उघडा. पांढऱ्याने वजिरासमोरचं प्यादं एक घर सरकवलं, की काळा राजाच्या बाजूच्या घोड्यासमोरचं प्यादं दोन घरं टाकतो. उंटाला ते मारावंच लागतं, मग तो मारतच सुटतो आणि डाव गेला! त्याऐवजी राजासमोरचं प्यादं एक घर टाका. अचूक खेळल्यास या खेळीने पांढरा जिंकतो, हे २०१६ मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध झालंय.
- दोन मोहरे मारता येत असतील तर निवड तुमची. तिथे थांबून विचार करा.

शेवटच्या दोन-तीन मोहऱ्यांचं गणित आत्ता नको. आधी वीसेक डाव खेळा, मग त्याकडे वळू.