जुन्या गाडीत नवा स्टिरिओ : आधी वीज तपासा

जुन्या गाडीत स्टिरिओ बसवण्याबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. शंका वेगवेगळ्या दिसतात, पण घोळ एकच आहे. कोणता स्टिरिओ घेऊ, कोणते स्पीकर घेऊ, हे सगळे विचारतात. गाडीत वीज किती तयार होते, ती कोणत्या तारेतून येते आणि त्या तारेला फ्यूज आहे का, हे जवळजवळ कोणीच कळवत नाही. मला उत्तर द्यायला नेमकी तीच माहिती लागते.

प्रश्न : माझी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६५ ची आहे. सीटच्या मागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, म्हणजे गाडी ६ व्होल्टची का? शिवाय ती पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं आहे. लाल-काळी तार उलटी जोडली की काम झालं, असं स्टिरिओवाला म्हणतो.

उत्तर : गाडी १२ व्होल्टचीच आहे, त्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे व्होल्टची बेरीज होते. स्टिरिओवाल्याने मात्र तुम्हाला अर्धंच सांगितलं आहे. आजच्या स्टिरिओचा धातूचा डबा आतून निगेटिव्हला जोडलेला असतो आणि तुमच्या गाडीची बॉडी पॉझिटिव्ह आहे. तारा उलट्या जोडल्या आणि डबा डॅशबोर्डच्या पत्र्याला टेकला की थेट शॉर्ट. डब्याला रबर लावून तो पत्र्यापासून वेगळा ठेवला, तरी एरियलच्या केबलची बाहेरची जाळी उरतेच. तिचं एक टोक बॉडीला आणि दुसरं स्टिरिओच्या डब्याला लागलेलं असतं. एरियलची पिन आत सरकवताक्षणी ठिणगी पडते ती यामुळे.

मार्ग दोन आहेत. एक, इनपुट आणि आउटपुट आतून पूर्ण वेगळे असलेला, म्हणजे आयसोलेटेड कन्व्हर्टर लावायचा आणि गाडी आहे तशी ठेवायची. दोन, संपूर्ण गाडी निगेटिव्ह अर्थ करून घ्यायची. एमजीबी १९६७ च्या अखेरीस कारखान्यातूनच तशी झाली. पण ते नुसत्या बॅटरीच्या तारा बदलून होत नाही. डायनॅमोला, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला, नव्याने पोलॅरिटी द्यावी लागते, इग्निशन कॉइलच्या तारा अदलाबदल कराव्या लागतात, इंजिनचे फेरे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर उघडून आतून बदलावा लागतो, पेट्रोल पंपात डायोड असेल तर तोही बघावा लागतो. डायनॅमोवर हात बसलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच हे करून घ्या. तोवर स्टिरिओ खोक्यातच राहू द्या.

प्रश्न : १९६१ ची बीटल, ६ व्होल्ट. ब्लूटूथवर गाणी ऐकता येतील का?

उत्तर : येतील. ६ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर आणि छोटा अॅम्प्लिफायर पुरेल. फक्त लक्षात ठेवा, तेवढ्याच वॅटला ६ व्होल्टच्या बाजूने दुप्पट करंट ओढला जातो, त्यामुळे कन्व्हर्टरकडे जाणारी तार जाड हवी.

प्रश्न : खोक्यावर '५० × ४, एकूण २०० वॅट' लिहिलं आहे. माझ्या जुन्या डायनॅमोला ते झेपेल का?

उत्तर : त्या २०० वॅटची काळजी नको, कारण ते तिथे नाहीतच. स्वतः हिशोब करा : स्वच्छ आवाजाचे कमाल वॅट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले स्पीकरच्या ओमची दुप्पट. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. १४.४ चा वर्ग सुमारे २०७. स्पीकर ४ ओमचा, त्याची दुप्पट ८. २०७ ला ८ ने भागलं की जेमतेम २६ वॅट येतात, आणि तेही कुठे काही वाया जात नाही असं धरून. प्रत्यक्षात स्वच्छ आवाजात एका चॅनेलला १५ ते २० वॅट मिळाले तर स्टिरिओ चांगला समजा. खोक्यावरचा ५० चा आकडा आवाज पूर्ण फाटलेला असताना क्षणभर मोजलेला असतो. ग्राहकाला भुलवायला तो इतक्या मोठ्या अक्षरांत छापतात, याचा मला मनापासून राग येतो. माहितीपुस्तिकेत 'आरएमएस', म्हणजे सतत मिळणाऱ्या वॅटचा, आकडा शोधा. तो दिलेलाच नसेल तर तो स्टिरिओ घेऊ नका.

वेगळा अॅम्प्लिफायर लावणार असाल तर डायनॅमोचा प्रश्न खरा आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांना विजेचे भाग पुरवणाऱ्या लुकास कंपनीचा सी-४० डायनॅमो चांगल्या स्थितीत असेल तर २२ अँपिअर देतो. हेडलाइट, इग्निशन, वायपर आणि हीटरचा पंखा यांचं वजा केलं की हातात फार थोडे उरतात, आणि आयडलिंगला डायनॅमो जवळपास काहीच देत नाही. सिग्नलला उभं असताना तुम्ही बॅटरीच खात असता. अॅम्प्लिफायर घेण्याआधी डायनॅमो आणि कटआउट (डायनॅमो बंद असताना त्याला बॅटरीपासून तोडणारा स्विच) तपासून घ्या.

प्रश्न : आवाज वाढवला की डॅशबोर्डमागून जळका वास येतो. फ्यूज सारखा उडायचा म्हणून मेकॅनिकने मोठा टाकला, तेव्हापासून उडत नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला दाखवलं तर चालेल का?

उत्तर : नाही. हे वाचून झाल्यावर गाडी सुरू करू नका, बॅटरीची तार काढून ठेवा.

फ्यूज हा तारेच्या रक्षणासाठी असतो, स्टिरिओच्या नाही. ही एक गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगतो आहे आणि तरी आठवड्याला एक तरी असं पत्र येतं. तार किती करंट सोसू शकते त्यावरून फ्यूज ठरतो. तो उडतो म्हणजे तारेवर सोसवत नाही इतका भार आला आहे, किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. मोठा फ्यूज टाकला की भार तसाच राहतो, फक्त आता फ्यूजच्या जागी तार वितळते.

जुन्या ब्रिटिश गाड्यांत त्यात आणखी भर पडते. काचेच्या फ्यूजवर ३५ असा आकडा असतो. तो फ्यूज वितळण्याचा आकडा आहे, सतत चालण्यासाठी तो १७ अँपिअरचाच असतो. बाजारातला आजचा ३५ चा फ्यूज मात्र ३५ अँपिअर सतत वाहून नेतो. दोन्हींवर आकडा एकच, ताकद दुप्पट. तुमच्या मेकॅनिकने कदाचित हेच केलं असेल.

तारेचा रंगही बघा. लुकासच्या वायरिंगमध्ये तपकिरी तार बॅटरीवरून थेट येते, तिला फ्यूज नसतो. पांढरी इग्निशनची, तिलाही नसतो. जांभळीला आणि हिरवीला असतो. स्टिरिओ बसवणारा घाईत डॅशबोर्डखाली वाकतो, टेस्टर लावतो, दिवा लागला की त्याच तारेला जोड मारतो. बहुतेक वेळा ती पांढरी किंवा तपकिरी निघते.

एकदा अशीच एक गाडी माझ्याकडे आली. मालकाची तक्रार एवढीच होती की गाणी मधूनच बंद पडतात. टेपने गुंडाळलेला जोड मी सोडवला. टेप चिकट राहिलीच नव्हती, कागदासारखी सुटली. खालच्या तारेचं आवरण बोटाने दाबलं तर त्याचा चुरा झाला. तांबं काळं पडलेलं, आणि शेजारच्या दोन तारांवरही डाग. ज्याने हा जोड मारला त्याने तारा पिळून टेप लावण्यापलीकडे काहीच केलेलं नव्हतं. त्या गाडीला आग लागली नाही, पण लागायला आणखी फार काही लागलं नसतं.

योग्य पद्धत अवघड नाही. बॅटरीवरून स्टिरिओसाठी स्वतंत्र तार आणा. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, जमेल तितका जवळ, फ्यूज लावा, म्हणजे पुढे तार कुठेही घासली तरी संरक्षण राहील. पत्र्यातून तार जाते तिथे रबराचं ग्रॉमेट हवंच. स्टिरिओला चालू-बंदचा इशारा हिरव्या तारेवरून रिलेमार्फत, म्हणजे थोड्या करंटवर चालणाऱ्या विद्युत स्विचमार्फत द्या, म्हणजे जुन्या वायरिंगवर भार पडत नाही. जोड क्रिंप केलेले, म्हणजे टर्मिनलमध्ये पक्कडीने दाबून बसवलेले असावेत. आणि आवरण कडक झालं असेल किंवा भेगाळलं असेल, तर आधी वायरिंगचा तो भाग बदला, स्टिरिओ नंतर. हे काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनचं आहे. पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नका, त्याला उद्याच घरी बोलवा.

प्रश्न : नवा स्टिरिओ बसत नाही. डॅशबोर्ड थोडा कापला तर चालेल का?

उत्तर : नाही. आजचा डबा ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा सीटखाली बसवा.

प्रश्न : स्टिरिओ लावल्यापासून महिनाभर गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते.

उत्तर : पिवळी तार स्टिरिओची मेमरी जपण्यासाठी कायम थोडा करंट घेते. तो २० मिलिअँपिअर असेल, तर ४० अँपिअर-तासांची बॅटरी ४० दिवसांत निम्मी होते. बॅटरीला स्विच लावा. गाडी बंद करून मोजलेला करंट याहून बराच जास्त निघाला, तर दोष दुसरीकडे आहे. तो शोधून घ्या.

प्रश्न : अॅक्सिलरेटर दाबला की रेडिओवर टकटक वाढते. कॉइलला कंडेन्सर लाव, असं मित्र सांगतो.

उत्तर : आधी एरियलची पिन काढून बघा. आवाज गेला तर तो एरियलमधून येतो आहे, मग एरियलच्या बुडाशी अर्थ साफ करा. राहिला, तर वीज किंवा अर्थच्या तारेतून येतो. टकटक ही इग्निशनची असते. रेझिस्टन्स असलेल्या प्लगच्या तारांनी ती बरीच कमी होते. १ मायक्रोफॅरडचा सप्रेसर, म्हणजे टकटक दाबणारा कंडेन्सर, चालतो, पण तो कॉइलच्या वीज येणाऱ्या बाजूलाच. मित्राने हे सांगितलं नाही. दुसऱ्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटकडे जाणाऱ्या बाजूला लावलात तर स्पार्क मरेल आणि गाडी सुरूच होणार नाही.

प्रश्न : आजोबांच्या गाडीतला व्हॉल्व्हचा रेडिओ सापडला. बॅटरीला जोडून बघू का?

उत्तर : तसाच जोडू नका. त्यात व्हायब्रेटर (बॅटरीची वीज झपाट्याने चालू-बंद करणारा भाग) आणि ट्रान्सफॉर्मर असतो, ६ किंवा १२ व्होल्टचे आत दोनशेच्या पुढे होतात. झाकण उघडून हात घातलात तर जिवावर बेतेल. इतकी वर्षं पडून राहिलेले कॅपॅसिटर बहुधा निकामी असतात, आणि ते न बदलता वीज दिली तर ट्रान्सफॉर्मर जळतो. व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणारा शोधा. असा रेडिओ पुन्हा वाजतो तेव्हा त्याच्यासारखा आवाज नाही. घाईत तो जाळू नका.

प्रश्न : डॅशबोर्डमध्ये मधोमध एकच स्पीकर आहे. स्टिरिओ लावला तर निम्मं गाणंच ऐकू येतं, आणि आवाज वाढवला की तो बंद पडतो.

उत्तर : दोन व्हॉइस कॉइलचा, म्हणजे पडदा हलवणाऱ्या दोन गुंडाळ्यांचा स्पीकर त्याच जागी बसेल असा मिळतो. डावा चॅनेल एका कॉइलला, उजवा दुसऱ्या. बंद पडण्याचं कारण वेगळं आहे. जुन्या रेडिओत स्पीकरची एक तार बऱ्याचदा बॉडीला अर्थ केलेली असे. आजच्या स्टिरिओच्या स्पीकरची कोणतीही तार बॉडीला लागता कामा नये. लागली तर तो स्वतःला वाचवायला बंद होतो, आणि वारंवार झालं तर कायमचा जातो. जुन्या तारा वापरू नका, स्टिरिओपासून स्पीकरपर्यंत प्रत्येक चॅनेलच्या दोन-दोन नव्या तारा ओढा. जोडण्याआधी त्यांतली एकही बॉडीला लागत नाही हे मीटरने बघून घ्या, किंवा कोणाकडून तरी बघून घ्या.